एक्केचाळीसपैकी एक्केचाळीस

३ तारीख, सोमवार

ही वही ऑफिसने मीटिंगच्या नोंदींसाठी दिली होती. वर्षभरात कुठल्याच मीटिंगमध्ये नोंदवण्यासारखं काही घडलं नाही, म्हणून कोरी राहिली. आज घडलं.

साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "तुमच्या नणंदेचं प्रकरण ऑफिसात आणू नका."

आणणार. खुर्ची देऊन बसवणार.

आधी प्रकरण लिहून ठेवते, नाहीतर रागाच्या भरात माझंच मला उलटंपालटं व्हायचं. आम्ही चौघं मिळून लॅबसाठी प्रोग्रॅम करतो. रक्त तपासणारं मशीन निकाल देतं, आमचा प्रोग्रॅम ते निकाल ज्याच्या त्याच्या नावावर चढवतो आणि रिपोर्ट छापतो. अकरा लॅब तो वापरतात. त्यातली सगळ्यात मोठी इथल्या हॉस्पिटलची, आणि तिथे रक्त घेण्याच्या खिडकीवर माझी नणंद बसते. चिमी. वय छत्तीस, पण घरात अजून चिमीच. लग्न मोडल्यापासून आमच्याकडे मागच्या खोलीत राहते.

गेल्या महिन्यात एकोणीस तारखेला तापाची साथ होती, लॅबची रांग जिन्यापर्यंत गेली होती. दिवसाच्या शेवटच्या गठ्ठ्यात तीन नळ्या होत्या: ९९८, ९९९ आणि १०००. हजार नंबरचा माणूस डायलिसिसवर आहे. त्याचा रिपोर्ट ९९९ नंबरच्या ड्रायव्हरला गेला. धडधाकट माणसाला एक दिवस झोपवून भलती औषधं दिली. दुसऱ्यांदा रक्त तपासलं तेव्हा उघड झालं. हॉस्पिटलने परस्पर ठरवलं की चिमीने दोन नळ्यांची लेबलं अदलाबदल केली. तिला घरी बसवलंय. चोवीस तारखेला चौकशी आहे. चूक तिच्यावर शाबीत झाली तर नोकरी जाणार, आणि असा शेरा घेऊन आलेल्या बाईला कुठलीच लॅब सुईला हात लावू देणार नाही.

चिमी म्हणते लेबलं बरोबर होती. माझा विश्वास आहे. ही बाई दुधाच्या पिशवीवरची तारीखसुद्धा दोनदा वाचते.

लेबलं बरोबर असतील तर चूक प्रोग्रॅमची. एवढंच मी मीटिंगमध्ये म्हणाले. साहेब म्हणाले, "चार वर्षांत एक तक्रार नाही." मी म्हटलं, "तक्रार झाली नाही, एवढंच त्यातून सिद्ध होतं." मग ते वरचं वाक्य आलं.

४ तारीख, मंगळवार

आमच्या प्रोग्रॅमला आजवर एकही टेस्ट नाही. नवीन काही केलं की साहेब दोन रिपोर्ट उघडून बघतात आणि मान हलवतात. ती मान म्हणजे आमची तपासणी.

मी ठरवलंय की टेस्टची व्यवस्थित चौकट उभी करायची. आणि ती निव्वळ शेलमध्ये. साहेबांना हसू आलं. "जगात चांगली तयार टूल्स पडलीत, तुम्ही कुठल्या जमान्यात आहात?" मी म्हटलं, "लॅबच्या कॉम्प्युटरवर नवीन काहीही बसवायला मनाई आहे. तिथे शेल आहे आणि आपला प्रोग्रॅम आहे, तिसरं काही नाही. तुमचं टूल तिथे चालवून दाखवा, मी उद्यापासून तेच वापरते." यावर ते फोन बघायला लागले.

परवानगी मिळाली, पण कामाच्या वेळात नाही. जेवणाच्या सुट्टीत करायचं. ठीक आहे. एका हाताने खाईन.

चौकशी समिती माझं ऐकणार नाही हे मलाही कळतं. मी तिची वहिनी. मी कॉम्प्युटरवर हात ठेवून शपथ घेतली तरी म्हणतील, घरची माणसं एकमेकांना सांभाळतात. पण टेस्ट कोणाचीच वहिनी नसते. कोणीही चालवावी, उत्तर तेच यावं.

चूक कुठे असणार याचा मला अंदाज आहे. माझ्याआधी इथे एक महाभाग होता. त्याच्या ओळी वाचताना डोकं दुखतं. आधी त्याचा सगळा भाग धुऊन काढते. माझ्या ओळी मला पाठ आहेत, त्यांचं शेवटी बघू.

६ तारीख, गुरुवार

सकाळी चहा घेताना चिमीने विचारलं, "वहिनी, तू नक्की करतेयस काय?"

सांगितलं. शेल म्हणजे काळ्या पडद्यावर टाइप करून कॉम्प्युटरला द्यायचे हुकूम. असे हुकूम एका फाइलीत ओळीने लिहून ठेवले की झाली स्क्रिप्ट. आमचा सगळा प्रोग्रॅम म्हणजे अशा स्क्रिप्टांचा ढीग. आता मी आणखी एक स्क्रिप्ट लिहितेय, जिचं काम बाकीच्यांना पकडणं. ती खोटे रुग्ण तयार करते, त्यांचे खोटे निकाल प्रोग्रॅमला देते आणि रिपोर्ट बरोबर नावावर गेला का बघते. गेला तर हिरव्या अक्षरांत 'पास'. नाही गेला तर लाल.

"खोट्या रुग्णांची नावं काय ठेवलीस?"

"भोपळा, काकडी, कोबी."

खूप दिवसांनी हसली. मग म्हणाली, "त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा चार आकडी नंबर लिहिला मी. लेबल एवढंसं, शेवटचं शून्य मावेना. बारीक काढून बसवलं." मी म्हटलं, "लेबलाचं सोड, ते बरोबरच होतं ना." मग तिने तिला मिळालेलं आरोपाचं पत्र आणलं. त्याला हजार नंबरचा चुकलेला रिपोर्ट जोडलाय. "हे बघ. मी अदलाबदल केली असती तर या कागदावर त्या ड्रायव्हरचे निकाल हवेत. हे त्याचे नाहीत. मी मोठ्या डॉक्टरांना म्हटलं, तर म्हणाले रक्त थोडा वेळ राहिलं की आकडे हलतात."

ते डॉक्टर आहेत, त्यांना कळत असेल. मला ऑफिसला उशीर होत होता.

७ तारीख, शुक्रवार

चौकट तयार. एकशे चाळीस ओळी, एक फाइल. लॅबच्या जुन्यात जुन्या कॉम्प्युटरवरही चालेल. पहिल्या बारा टेस्ट लिहिल्या आणि दोन लाल आल्या. एकीत रुग्णाच्या नावात दोन जागा सुटल्या की अर्धं नाव गायब होतं. दुसरीत निकालाची फाइल रिकामी असली तरी कोरा रिपोर्ट छापला जातो. दोन्ही ओळी महाभागाच्या.

लाल अक्षरं बघून इतका आनंद झाला की शेजारच्याने विचारलं, बोनस आला का. मी म्हटलं, चूक सापडली. तो हळूच खुर्ची सरकवून बसला.

या दोन चुकांनी ड्रायव्हरचं कोडं सुटत नाही. पण प्रोग्रॅम सोवळा नाही हे तर दिसलं.

१० तारीख, सोमवार

साहेबांना लाल-हिरवं दाखवलं. म्हणाले, "पडद्यावर काय आज एक, उद्या दुसरं. कागद दाखवा. प्रत्येक वेळेचा निकाल फाइलीत उतरला पाहिजे, तारीख-वेळेसह."

मुद्दाम अडवायला म्हणाले होते, पण मागणी चुकीची नाही. दहा मिनिटांत करून दिलं. प्रत्येक टेस्टच्या शेवटी एक पाइप जोडला, म्हणजे एका हुकुमाचं उत्तर पुढच्या हुकुमाच्या हातात देणारा दुवा. जे काही बाहेर पडेल ते पडद्यावरही दिसतं आणि फाइलीतही उतरतं. काम इतकं सुबक झालं की दोनदा चालवून बघितलं.

एक गंमत झाली. शुक्रवारच्या दोन लाल टेस्ट आज हिरव्या आल्या. त्यातल्या एका ठिकाणी मी सकाळी थोडं हलवलं होतंच, दुसरीतही शुक्रवारी घाईत माझंच काही अर्धवट राहिलं असणार. पास झाल्या ते चांगलंच.

१४ तारीख, शुक्रवार

चोवीस टेस्ट, सगळ्या पास. महाभागाच्या ओळी पालथ्या घातल्या. मनात नाही तरी लिहावं लागतं की माणूस वाटला तेवढा वाईट नव्हता.

आता कामाचा जोर वाढलाय. हात इतका बसलाय की टेस्ट लिहायला पाच मिनिटं पुरतात, आणि लिहिली की पास. साहेब जाता जाता विचारतात, "काय, सापडला का चोर?" त्यांच्या डोळ्यांत जे हसू असतं ते मी नीट लक्षात ठेवतेय.

१८ तारीख, मंगळवार

आज शेवटची, एक्केचाळिसावी टेस्ट. हिच्यासाठीच सगळा खटाटोप होता. त्या दिवसाचा शेवटचा गठ्ठा जसाच्या तसा उभा केला. ९९८ भोपळा, ९९९ काकडी, १००० कोबी. कोबी डायलिसिसवर. प्रोग्रॅम अगदी एकोणीस तारखेला होता तोच, एका अक्षराचा फरक नाही. कोबीचा रिपोर्ट काकडीला गेला की मी जिंकले.

नाही गेला. पास. पुन्हा चालवली, पास. सात वेळा चालवली.

एक्केचाळीसपैकी एक्केचाळीस. साहेबांनी कागद मागितला, त्याच्यावर सही केली आणि म्हणाले, "छान काम केलंत. हा समितीला देऊ. प्रोग्रॅम निर्दोष असल्याचा पुरावा." मी तिला वाचवायला जे बांधलं तेच ते तिच्याविरुद्ध वापरणार. आणि मला 'नका देऊ' म्हणता येईना, कारण ते खरं आहे.

१९ तारीख, बुधवार

चिमीशी बोलले. स्वयंपाकघरात, शांतपणे, तिला दुखवायचं नाही अशा बेताने. म्हटलं, "चिमे, मी सगळं तपासलं. प्रोग्रॅम बरोबर आहे. हजार नळ्या झाल्या त्या दिवशी लॅबमध्ये, हात दमला असेल. लागलं असेल चुकून. कबूल करून टाक, समज देऊन सोडतील."

तिने कप खाली ठेवला. "तुझ्या मशीनने सांगितलं?"

"मशीन कोणाची बाजू घेत नाही गं."

ती उठून गेली. कप अर्धा भरलेला होता.

मी काही वाईट बोलले असं मला वाटत नाही. खरं बोलायला हिंमत लागते आणि आपल्या माणसाशी बोलायला जास्त लागते. नवऱ्याला सांगितलं. तो लिफ्ट दुरुस्त करतो, दिवसभर लोकांना वरखाली नेणाऱ्या दोरांकडे बघत असतो, त्यामुळे बोलतो कमी. म्हणाला, "मला यात ओढू नकोस, मी तुम्हां दोघींच्या मधल्या मजल्यावर राहतो."

२१ तारीख, शुक्रवार

चिमी बोलत नाही. भांडी घासते, कपडे वाळत घालते, माझेसुद्धा, पण बोलत नाही. माझे कपडे घातले नसते तर बरं झालं असतं.

मी माझ्या जागी बरोबर आहे. हे पुन्हा लिहितेय म्हणून खोडणार होते, राहू दे.

२२ तारीख, शनिवार

आजचं सगळं क्रमाने लिहिते.

सकाळी नवरा कामावर गेला. मी समितीला द्यायचे कागद लावत होते. चिमी आली आणि समोरच्या खुर्चीत बसली. तीन दिवसांनी पहिलं वाक्य बोलली, आणि तेही मला नाही, कागदांना.

"आम्ही रोज सकाळी पहिल्या पेशंटच्या आधी मशीनला दोन नळ्या पाजतो. एक चांगल्या रक्ताची, एक बिघडलेल्या. दोन्हींचं उत्तर आम्हाला आधीच माहीत असतं. बिघडलेल्या रक्तालाही मशीन 'ठीक' म्हणालं तर मशीन बंद. मग रांग जिन्यापर्यंत जाऊ दे नाहीतर रस्त्यापर्यंत."

"मग?"

"तुझ्या मशीनला तू बिघडलेली नळी कधी दिलीस?"

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. सोळा वर्षं हे काम करतेय, ही मला शिकवणार. म्हटलं, थांब, आत्ता दाखवते. कॉम्प्युटर उघडला आणि तिच्यासमोर नवीन टेस्ट लिहिली: 'दोन म्हणजे तीन'. चालवली.

पास.

चिमीने खुर्ची पुढे ओढली. मी पुन्हा लिहिली: 'भोपळा म्हणजे काकडी'. पास. 'हे सगळं चुकीचं आहे'. पास. हिरवीगार.

कारण सापडायला चार मिनिटं लागली. दोन हुकूम पाइपने जोडले की 'जमलं का?' हे शेल फक्त शेवटच्याला विचारतो. शेवटी मी काय बसवलं होतं? साहेबांच्या कागदासाठी, फाइलीत लिहून घेणारा. त्याला विचारलं जमलं का, तो म्हणाला हो, लिहून घेतलं. त्याचं काही चुकलं नाही. टेस्ट नापास झाली हेच त्याने प्रामाणिकपणे लिहून घेतलं होतं. बारा दिवसांची ती फाइल मी आज पहिल्यांदा उघडली. त्यात पानोपानी लिहिलंय, हवी होती काकडी, मिळाला कोबी. सात वेळा लिहिलंय, मी सात वेळा चालवली होती म्हणून. साहेबांनी सही केलेल्या कागदाच्या आठव्या पानावरसुद्धा आहे. कोणी वाचलंच नाही. आम्ही दोघांनी फक्त शेवटची ओळ बघितली.

पाइप काढला. एक्केचाळीसपैकी सात लाल.

मग शेवटच्या गठ्ठ्याच्या मागे लागले. मशीनकडून दोन याद्या येतात, एक नळ्यांच्या नंबरांची आणि एक निकालांची. दोन्ही आल्या त्या क्रमाने शेजारी ठेवायच्या आणि जोड्या लावायच्या. एका ओळीत कोणीतरी नंबरांची यादी मधेच 'नीट' लावून घेतली होती. कॉम्प्युटर ती डिक्शनरीसारखी लावतो, पहिला आकडा आधी बघून. ००१ पासून ९९९ पर्यंत काही बिघडत नाही. १००० आला की त्याचा पहिला आकडा एक, म्हणून तो ९९८ च्याही आधी जाऊन बसतो. नंबर हलले, निकाल जागेवरच राहिले. चार वर्षांत त्या लॅबला हजारावी नळी पहिल्यांदा त्याच दिवशी लागली होती.

ओळ कोणी घातली याची नोंद असते. बघताना मी मनातल्या मनात महाभागाला शिव्या घालायला सुरुवात केली होती. नोंदीत माझं नाव आहे. गेल्या वर्षीची तारीख, आणि शेजारी माझाच शेरा: 'यादी नीट लावली. दिसायला बरी.'

चिमीला सांगितलं. माझ्या शेऱ्यासकट सगळं सांगितलं. मला वाटलं आता ती ओरडेल, आणि मला ते हवंच होतं. ती बोटांवर काहीतरी मोजत होती. म्हणाली, "म्हणजे दोघांची अदलाबदल नाही, तिघांची फिरवाफिरव. ड्रायव्हरला हजारचा गेला. हजारला ९९८ चा गेला. मग ९९८ ला ड्रायव्हरचा, म्हणजे ठणठणीत." तिने आरोपाच्या पत्राला जोडलेला कागद ओढून घेतला. "हा ९९८ नंबरच्या आजींचा आहे. मला आठवतायत. शीर सापडेना, तीनदा टोचावं लागलं, तरी मलाच म्हणाल्या, तू दमलीस. हिमोग्लोबिन सहा. वहिनी, सहा. डायलिसिसच्या माणसाचं कमीच असतं म्हणून कोणी चमकलं नाही."

महिनाभर एक बाई सहा हिमोग्लोबिन अंगात घेऊन चांगला रिपोर्ट पर्समध्ये ठेवून फिरतेय.

मी म्हणाले, "चिमे, बुधवारी मी जे बोलले..."

"ते नंतर. आधी आजी."

लॅबला फोन केला. मोठे डॉक्टर सुट्टीवर. खिडकीवरचा माणूस म्हणाला पत्ते द्यायची परवानगी नाही, सोमवारी बघू. चिमीने फोन घेतला आणि त्याला अशा भाषेत समजावलं की तो म्हणाला वॉर्डच्या डॉक्टरांना सांगतो. त्यांनी आजींच्या घरी फोन लावला. कोणी उचलला नाही.

२३ तारीख, रविवार

काल दुपारीच साहेबांना सगळं लिहून पाठवलं होतं. आज ते स्वतः घरी आले. चहा नको म्हणाले, मग घेतला.

दुरुस्ती अकराही लॅबना आजच्या आज पाठवायला ते तयार आहेत. वर फक्त 'किरकोळ सुधारणा' लिहायचं. आणि उद्या समितीत ते म्हणणार, काही तांत्रिक कारण असण्याची शक्यता नाकारता येत नाही. तेवढ्यावर चिमीला समज देऊन परत घेतील, आतून बोलणं झालंय. ती एक्केचाळिसावी टेस्ट तेवढी काढून टाकायची. "तुमचंही नाव राहील, तिचीही नोकरी राहील. अजून काय हवं माणसाला?"

खोटं कशाला लिहू, क्षणभर बरं वाटलं. उद्या खाली मान घालून उभं राहावं लागणार नाही असं वाटलं.

चिमी दारातच उभी होती. म्हणाली, "समज कसली देणार?"

साहेब म्हणाले, "नावापुरती हो."

"माझ्या नावापुरती. मी काय चुकले त्याची समज?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "टेस्ट राहील. किरकोळ सुधारणा वगैरे लिहिणार नाही, काय चुकलं होतं ते लिहीन, आणि कोणाचं तेही. तुम्हाला मला काढायचं असेल तर परवा काढा, उद्या मला काम आहे."

"भावनेच्या भरात बोलताय."

"हो," मी म्हटलं. खरंच होतं ते.

नवरा त्यांना लिफ्टपर्यंत सोडायला गेला. परत आल्यावर म्हणाला, "तुझी नोकरी जाईल."

"आणि गप्प बसले तर?"

 त्याने माझे उद्याचे कपडे इस्त्रीला घेतले.

२४ तारीख, सोमवार

समितीत तिघं. लॅबचे मोठे डॉक्टर, प्रशासनाच्या मॅडम आणि हॉस्पिटलचा कॉम्प्युटरवाला. साहेब कोपऱ्यात. चिमी टेबलाच्या पलीकडे, हात मांडीवर.

मॅडमनी सुरुवातच केली, "आपण यांच्या नातेवाईक, त्यामुळे आपल्या म्हणण्याला..."

"मी काही म्हणणार नाहीये," मी म्हटलं. कॉम्प्युटरवाल्याला पेन ड्राइव्ह दिला. "हे तुम्ही चालवा. तुमच्या लॅबच्या कॉम्प्युटरवर, त्यात काही न बसवता. आधी पहिली टेस्ट, ती नापासच झाली पाहिजे. ती पास झाली तर बाकीचं बघू नका, मला हाकलून द्या."

तो खाली गेला आणि आम्ही सगळे त्याच्या मागे जिना उतरलो. मोठे डॉक्टरसुद्धा. पहिली लाल आली. मग त्याने एकोणीस तारखेचा प्रोग्रॅम लावला आणि शेवटचा गठ्ठा चालवला. लाल. त्याने स्वतःच्या मनाने नंबर बदलून बघितले, ५०१, ५०२, ५०३. हिरवं. पुन्हा १००० घातला. लाल. तिसऱ्या वेळी तो माझ्याकडे न बघता हसला.

"ही ओळ लिहिली कोणी?" डॉक्टरांनी विचारलं.

साहेब म्हणाले, "आमच्या टीममध्ये अनेक जण..."

"मी," मी म्हटलं. "आणि तपासताना दुसरी चूकही मीच केली. दोन्ही लिहून आणल्यात."

 आवाज कापला नाही याचा मला अभिमान आहे.

चिमीवरचा आरोप मागे घेतला. समज नाही, शेरा नाही. साहेब मला म्हणाले, उद्यापासून लॅबच्या कामाला हात लावायचा नाही. टेस्ट मात्र त्यांना काढता येणार नाहीत, हॉस्पिटलने त्या लेखी मागून घेतल्यात.

शेवटी आजींचा विषय निघाला. मॅडम म्हणाल्या, "त्यांना नेहमीच्या तपासणीसाठी बोलवून घेऊ. कारण सांगायची गरज नाही, म्हातारी माणसं घाबरतात."

"कारण मी सांगेन," मी म्हटलं. "तुम्ही बोलवा, मी खिडकीपाशी उभी राहते."

२६ तारीख, बुधवार

काल एकदाचा आजींच्या घरचा फोन लागला. आज त्या आल्या. एकट्याच, भिंतीला धरत. ओठ कागदासारखे पांढरे. दोन पावलं टाकून थांबत होत्या.

चिमी खिडकीवर होती. तिने या वेळी खाली बसून, हात चोळून, पहिल्याच टोचण्यात शीर धरली. लेबल लावलं आणि नाव दोनदा वाचलं. मग म्हणाली, "आजी, मागच्या वेळी तुम्हाला दिलेला रिपोर्ट तुमचा नव्हता. तुमचं रक्त खूप कमी आहे. आज वर बेड तयार ठेवलाय, रक्त चढवायचं आहे."

"नव्हता माझा?" आजींनी विचारलं. "मग चूक कोणाची?"

चिमीने हनुवटीने माझ्याकडे दाखवलं. "ही माझी वहिनी. हिची."

परवा रात्रीच तिची माफी मागून झाली होती. तिने ऐकून घेतली होती, बरं म्हणाली होती. तरीही ती 'हिची' म्हणाली तेव्हा मला खाली बघावंसं वाटलं. बघितलं नाही. म्हटलं, "हो आजी. माझी चूक. कॉम्प्युटरमध्ये मी एक ओळ चुकीची लिहिली."

 मी शिव्यांची वाट बघत होते.

"म्हणजे मी ढोंग करत नव्हते," त्या म्हणाल्या.

"काय?"

"जिना चढवत नाही म्हटलं की सून म्हणते, रिपोर्ट चांगला आहे, काम टाळता. मुलगाही म्हणायला लागला. महिनाभर मलासुद्धा वाटायला लागलं होतं की मी खोटं बोलते."

चिमीने कापूस दाबून धरला होता.  तिने माझ्याकडे बघितलं, आणि मी तिच्याकडे. स्वयंपाकघरातला तो कप मला स्पष्ट दिसला.

"नाही आजी," मी म्हटलं. "तुम्ही खरंच बोलत होतात."

आजींनी मोकळ्या हाताने पर्समधून फोन काढला, डोळ्यांजवळ धरून एक नंबर लावला आणि माझ्यापुढे केला.

"हे तिला सांग," त्या म्हणाल्या. "माझ्यासमोर सांग."

पलीकडून सुनेचा आवाज आला, "आता काय झालं?" मी म्हटलं, तुम्ही मला ओळखत नाही, आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.